मुख्याध्यापकांचा शेरा: सगळ्यांना नको, काहींना हवाच

प्रगतिपुस्तकाच्या तळाशी तीन सह्या असतात. वर्गशिक्षकांची, मुख्याध्यापकांची आणि पालकांची. यातल्या मधल्या सहीच्या वर दोन ओळींची जागा सोडावी आणि प्रत्येक मुलाबद्दल मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने काही लिहावे, अशी मागणी पालकसभेत अधूनमधून निघते. काही खासगी शाळांनी तशी चौकट छापूनही घेतली आहे. मागणी ऐकायला इतकी रास्त वाटते की सभेत कुणी तिला विरोध करत नाही. मुख्याध्यापकही मान डोलावतात आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कपाळाला हात लावतात.

ही सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापकांनी मुलांबद्दल लिहूच नये, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्याबद्दल त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, त्यांच्याच प्रगतिपुस्तकावर लिहावे. बाकीच्यांच्या बाबतीत वर्गशिक्षकांनी काय लिहिले आहे ते नीट वाचून मगच सही करावी. हे दुसरे काम पहिल्याहून जड आहे आणि आज तेच होत नाही.

आधी वेळेचा हिशेब पाहू. पाचवी ते दहावीच्या शाळेत ९०० मुले धरा. एका मुलाचे प्रगतिपुस्तक उघडायचे, आठ-नऊ विषयांच्या श्रेणी पाहायच्या, हजेरी पाहायची, वर्गशिक्षकांच्या नोंदी वाचायच्या आणि त्याला लागू पडेल अशी एक ओळ लिहायची, याला घाईतही तीन मिनिटे लागतात. ९०० गुणिले तीन म्हणजे २,७०० मिनिटे, म्हणजे ४५ तास. रोज सलग सहा तास दुसरे काहीही न करता बसले तरी साडेसात दिवस. वार्षिक परीक्षा संपल्यावर पेपर तपासणे, गुणपत्रके, श्रेणी, नोंदी हे सगळे होऊन प्रगतिपुस्तके मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतात तेव्हा १ मेच्या निकालाला दोन-तीन दिवस उरलेले असतात. त्याच दिवसांत नवे प्रवेश, दाखले, पोषण आहाराचा हिशेब आणि संस्थेची किंवा शिक्षण विभागाची तातडीने मागवलेली माहिती. मग तीन मिनिटांची चाळीस सेकंदे होतात. चाळीस सेकंदांत ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहून होते.

प्रत्येकासाठी सक्तीचा रकाना ठेवला की त्याचे काय होते, याचा नमुना महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कपाटात जपून ठेवलेला आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. त्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’, दुसऱ्यात ‘चांगली’. दहा वर्षे एकाच शाळेत काढलेल्या मुलाबद्दल शाळेचे अधिकृत म्हणणे एवढेच. कोणत्याही दोन दाखल्यांची अदलाबदल केली तर या दोन रकान्यांवरून कुणाला पत्ता लागणार नाही.

दुसरा नमुना ताजा आहे आणि जास्त वाईट वाटायला लावणारा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यापाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मूळ कल्पना चांगली होती. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भारांश ठरला. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आल्या. आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या ठरल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. शिक्षकाने वर्षभर नोंदवही जवळ ठेवायची, दिसेल ते टिपायचे आणि सत्राअखेर त्यातले निवडक प्रगतिपुस्तकावर उतरवायचे.

झाले काय, तर दोन-चार वर्षांत तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. पुढे त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या आणि मग एक्सेलच्या अशा फाइली आल्या, की श्रेणी टाकली की नोंद आपोआप पडते. ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’, ‘गणितीय क्रियांचा सराव आवश्यक’, ‘हस्ताक्षर सुवाच्य आहे’, ‘चित्रे काढण्याची आवड आहे’. वर्गातल्या चाळीसपैकी एकतीस जणांना चित्रे काढण्याची आवड असते. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर ‘नियमित गृहपाठ करतो’ असे सापडते, कारण उतरवताना क्रियापद बदलायचे राहिले. हे शिक्षकांच्या आळसामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे. पण चाळीस मुले, आठ-नऊ विषय आणि वर्षातून दोन सत्रे यांचा गुणाकार कुणीही करून पाहावा. जो शिक्षक रोज पाच तास त्या मुलांसमोर उभा असतो, त्याच्या हातूनही सक्तीची नोंद छापील होते. मग महिन्यातून एकदा त्या वर्गात डोकावणाऱ्या मुख्याध्यापकांच्या हातून ती वेगळी कशी होणार?

चांगली नोंद म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून पाहू. तिसरी-चौथीतले एक मूल ५०२ मधून १७८ वजा करते आणि उत्तर ४७६ लिहिते. बरोबर उत्तर ३२४. मुलाने अंदाजपंचे काही लिहिलेले नाही, त्याने एक नियम पाळला आहे. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, पाचातून एक गेला चार. वजाबाकीत खालचा अंक मोठा असला की शेजारच्या घरातून दहा घ्यावे लागतात, आणि शेजारी शून्य असेल तर त्याच्याही पलीकडून आणावे लागतात, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. ६८५ वजा २३४ त्याला अचूक येते, म्हणून चाचणीत निम्मे गुण मिळतात आणि श्रेणी क-२ पडते. ‘गणिताकडे लक्ष द्यावे’ हा शेरा त्याच्या आईबापांना काहीच सांगत नाही. ‘हातच्याची वजाबाकी चुकते, विशेषतः मध्ये शून्य आले की, दहाच्या नोटा सुट्या करून रोज चार उदाहरणे करून घ्या’ ही नोंद सुट्टीत उपयोगी पडते. ती लिहायला मुलाची वही पाहिलेली असावी लागते. ती वर्गशिक्षकाने पाहिलेली असते. मुख्याध्यापकांसमोर असते ती फक्त क-२ श्रेणी.

कायद्यातली कामाची वाटणीही याच दिशेची आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन करण्याची, तसेच पालकांना नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची जी कल्पना मांडली, तिच्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन धरले आहे. म्हणजे ज्यांनी मुलाला जवळून पाहिले, त्यांनी बोलावे. त्यावर कार्यालयातून आणखी एक मत चढवण्याने माहिती वाढत नाही, फक्त वजन वाढते.

आणि हे वजनच जपून वापरायची चीज आहे. मुख्याध्यापकांच्या लाल किंवा हिरव्या शाईतली ओळ घरात वेगळ्याच आवाजात वाचली जाते. वर्गशिक्षिकेने ‘वाचनात चांगली प्रगती, जोडाक्षरांवर थोडा सराव हवा’ लिहिले आणि खाली मुख्याध्यापकांनी इ-१ श्रेणी पाहून ‘अधिक परिश्रम घ्यावेत’ असे ठोकले, तर वडील कुणाचे धरतील? बाईंचे वर्षभराचे निरीक्षण एका ओळीत पुसले जाते. शिवाय असा शेरा चिकटतो. पुढच्या वर्षीचे शिक्षक जूनमध्ये जुनी प्रगतिपुस्तके चाळतात. ‘चंचल’, ‘बेशिस्त’, ‘उद्धट’ हे शब्द तिथे एकदा मुख्याध्यापकांच्या सहीने पडले की मूल वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याची जागा मागच्या बाकावर ठरलेली असते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करते. प्रगतिपुस्तक घरभर फिरते, आजोबा-आत्या-शेजारी सगळे वाचतात, त्यामुळे त्यावरचा अपमान एकांतातला राहत नाही.

यातच एक जास्त नाजूक भाग आहे. वाचता-लिहिता न येण्यामागे अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. ती आहे की नाही, हे तपासणीनंतर अधिकृत यंत्रणा ठरवते. ‘स्लो लर्नर’ असा शेरा मारण्याचा अधिकार शाळेतल्या कुणालाही नाही, आणि शंका असेल तर तिची जागा पालकांशी समोरासमोर बोलण्यात आहे, प्रगतिपुस्तकावर नाही. घाईत ९०० शेरे लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असा एखादा शब्द निसटतोच.

मग मुख्याध्यापकांनी लिहायचे कुणासाठी? जिथे वर्गशिक्षकाला जे दिसत नाही ते मुख्याध्यापकांना दिसते, किंवा जिथे वर्गशिक्षकाच्या शब्दाला शाळेचे बळ लागते, तिथे.

सर्वात ठळक उदाहरण पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकाचे. ते दिवाळीच्या सुमारास घरी जाते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांत त्याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. चौथीतल्या मुलीची जून ते ऑक्टोबर हजेरी उत्तम, श्रेणी ब-१, आणि मागच्या दोन्ही वर्षी नोव्हेंबर ते मार्च गैरहजर. वर्गशिक्षिका नवीन असेल तर तिला यंदाची हजेरी माहीत असते. मागची दोन वर्षे आणि त्याच घरातल्या थोरल्या भावाने सहावीत शाळा सोडली हे मुख्याध्यापकांना माहीत असते. इथे त्यांनी लिहावे: ‘मुलगी अभ्यासात चांगली आहे. यंदा तिला कारखान्यावर नेऊ नका. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवण्याची सोय करू; जाण्यापूर्वी मला भेटा.’ या नोंदीत कौतुक आहे, विनंती आहे, शाळा काय करणार ते आहे आणि भेटीचे बोलावणे आहे. शिवाय लिहिणाऱ्याकडे ती सोय करण्याचा अधिकार आहे. वर्गशिक्षिकेने हेच लिहिले असते तर ‘बाई सांगतात, पण सोय कोण करणार’ असा प्रश्न उरला असता. अर्थात वाचणारे घरात कुणी नसेल तर ती ओळ मुलीकडूनच मोठ्याने वाचून घेतली जाईल, म्हणून शब्द साधे हवेत आणि निरोप फोनवरही गेला पाहिजे.

दुसरा गट पाचवी आणि आठवीचा. राज्यात २०२३-२४ पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. उत्तीर्ण न झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन, मग निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसणे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नियमांत जी दुरुस्ती केली, ती केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांना लागू आहे. तिच्यात मागे ठेवलेल्या मुलांची यादी शाळाप्रमुखाने ठेवावी आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या मदतीवर व्यक्तिशः लक्ष ठेवावे, असे म्हटले आहे. हे आपल्याकडच्या प्रत्येक शाळेने नियमाची वाट न पाहता उचलायला हरकत नाही. अनुत्तीर्ण शेऱ्याखाली नुसती सही करण्याऐवजी कोणत्या विषयाचा वर्ग कधी, कोण घेणार, पुनर्परीक्षा कधी आणि मूल शाळेतून काढले जाणार नाही, या चार गोष्टी मुख्याध्यापकांनी लिहाव्यात. शेवटची गोष्ट लिहिणे महत्त्वाचे. आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही हे पालकांना अनेकदा माहीत नसते, आणि ‘नापास झाला, आता नाव कमी करा’ म्हणत ते दाखला मागायला येतात.

तिसरा गट कौतुकाचा, पण श्रेणीत न दिसणाऱ्या कौतुकाचा. अ-१ मिळवणाऱ्याला श्रेणीच बोलते, त्याला मुख्याध्यापकांच्या ‘उत्तम!’ची गरज नाही. परिपाठ चालवणारी अबोल मुलगी, वर्षभर पाण्याच्या टाकीचे नळ बंद करून जाणारा सातवीतला मुलगा, हजेरी ४८ दिवसांवरून ९० वर नेणारे मूल, यांच्यासाठी एक ओळ खर्च करावी. हे मुख्याध्यापकांना व्हरांड्यातून, मैदानावरून, पोषण आहाराच्या पंगतीतून दिसते.

आता हे घडवायचे कसे. निकालाच्या आठवड्यात आठवून लिहायला बसले तर पुन्हा तेच चार शब्द येतात. मुख्याध्यापक वर्गांवर जाऊन पाठ निरीक्षण करतात आणि त्याची नोंद लॉगबुकात ठेवतात. ती नोंद आज शिक्षकाबद्दल असते: फळ्याचा वापर, शैक्षणिक साहित्य, प्रश्नांची रचना. तिच्याखाली दोन मुलांची नावे आणि एकेक वाक्य एवढी भर घातली तरी सत्रात वीस तासिकांतून चाळीस मुले हाती लागतात. त्यात प्रत्येक वर्गशिक्षकाने निकालाच्या तीन आठवडे आधी चिठ्ठीवर दिलेली चार नावे मिळवायची, प्रत्येक नावापुढे ‘मुख्याध्यापकांनी का लिहावे’ याचे एका ओळीत कारण. कारण नसेल तर नाव परत. ९०० मुलांच्या शाळेत अशी शंभरेक प्रगतिपुस्तके निघतात. शंभर गुणिले पाच मिनिटे म्हणजे साडेआठ तासांच्या आत. ते दोन दिवसांत बसते आणि प्रत्येक ओळ खरी असते.

उरलेल्या आठशेंचे काय? ती वाचायची, पण वेगळ्या पद्धतीने. एकेक उघडून सही करत गेले की डोळा सरावतो आणि काहीच दिसत नाही. एका वर्गाची पाच प्रगतिपुस्तके टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवली की छापील नोंदी लगेच उघड्या पडतात, कारण पाचांपैकी तिघांवर तीच ओळ असते. मग त्याच मुलांच्या पहिल्या सत्राच्या नोंदी पाहायच्या: ‘सुधारणा आवश्यक’ खाली ऑक्टोबरमध्ये जे होते तेच एप्रिलमध्ये शब्दशः असेल, तर एक तर मूल सहा महिने जागचे हलले नाही किंवा कुणी पाहिलेच नाही. तिसरी खूण श्रेणी आणि नोंद यांच्यातल्या विसंगतीची. मराठीत ड श्रेणी आणि खाली ‘प्रकट वाचन अस्खलित करतो’. अशी प्रगतिपुस्तके सही न करता परत पाठवायची, पण सगळा गठ्ठा नाही. तीच पाच, आणि बोलून. मोठ्या शाळेत ही पहिली चाळणी पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक करू शकतात. सहीचा रबरी शिक्का मात्र या काळात कपाटात कुलूपबंद असावा. तो लिपिकाच्या टेबलावर असेल तर वरचे सगळे वायफळ.

लहान शाळांना यातले बरेचसे लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत आणि वेगळे मुख्याध्यापकपद दीडशेच्या वर गेल्याशिवाय नाही. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचे काम पाहणारे गुरुजीच दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतात. तिथे वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक अशा दोन्ही रकान्यांत एकाच हाताची सही असते, आणि त्या हाताला प्रत्येक मुलाचे घर, शेत आणि शेळ्या माहीत असतात. त्यांनी जरूर प्रत्येकाला लिहावे. फक्त दोन रकान्यांत दोनदा नको.

मोठ्या शहरी शाळांमध्ये आता वेगळीच पळवाट निघाली आहे. श्रेणी आणि दोन-तीन शब्द दिले की संगणक प्रत्येक मुलासाठी नवा, गोड, व्याकरणशुद्ध परिच्छेद लिहून देतो. एकाचे वाक्य दुसऱ्यासारखे नसते, त्यामुळे पाच प्रगतिपुस्तके शेजारी ठेवण्याची युक्तीही इथे चालत नाही. एकच कसोटी उरते: या नोंदीत श्रेणीतून न कळणारी एक तरी गोष्ट आहे का? नसेल तर परिच्छेद कितीही सुरेख असो, तो श्रेणीचाच लांबलचक अनुवाद आहे. सक्ती केली तर ९०० असे परिच्छेद अर्ध्या तासात तयार होतील आणि पालक काही दिवस खूषही राहतील.

‘शेजारच्या मुलाला सरांनी लिहिले, माझ्या मुलाला का नाही?’ हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. यावर उपाय म्हणून सगळ्यांना लिहिले की कुणालाच लिहिल्यासारखे होत नाही. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत सांगून टाकावे की ही नोंद बक्षीस नाही आणि ठपकाही नाही. शाळेला घराशी काही बोलायचे असेल तिथेच ती येईल. छापताना चौकट काढून टाकावी, म्हणजे रिकामी चौकट कुणाला बोचणार नाही; ज्याला लिहायचे त्याच्या प्रगतिपुस्तकाला अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडावी, तारीख आणि सहीसह, आणि तिची एक प्रत कार्यालयात ठेवावी. ठपक्यासारखा मजकूर असेल तर चिठ्ठीही नको, पालकांना बोलवावे. एकाच मुलाला चार वर्षांत एकदाही चिठ्ठी गेली नाही, असे प्रतींवरून दिसले तर पुढच्या सत्रातल्या पाठ निरीक्षणात त्याच्या बाकाजवळ जरा जास्त वेळ थांबावे.

या प्रतींचा खरा उपयोग सुट्टीनंतर आहे. जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत त्या नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्याव्यात: पुनर्परीक्षेची मुले आधी, मग स्थलांतराची, मग उरलेली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या प्रतींवर सप्टेंबरची एक तारीख टाकून ठेवावी. टोळ्या ठरतात, आगाऊ पैशांची उचल घेतली जाते, ती दिवाळीच्या बरीच आधी; प्रगतिपुस्तक पोहोचेपर्यंत घराने निर्णय घेतलेला असतो.